साडेबासष्ट माणसं

"जाधव, तुमच्या गावात हा अर्धा माणूस कुठं राहतो?"

साहेबांनी कागद माझ्याकडं फिरवला. 'हंगामी स्थलांतरित' या रकान्यात साडेबासष्ट असा आकडा होता. अक्षर माझंच. दुसऱ्यावर ढकलायचीही सोय नव्हती.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावचा ग्रामसेवक. गावाचं प्रोफाइल, म्हणजे घरं किती, बाप्ये किती, बाया किती, लेकरं किती, हे त्या आठवड्यात द्यायचं होतं. उन्हाळ्यातल्या टँकरच्या खेपा त्याच आकड्यावर मंजूर होणार होत्या. आणि मी सर्व्हे केला ऐन पौषात. तेव्हा निम्म्या गावाला कुलूप. माणसं ऊसतोडीला गेलेली. ती पाडव्याच्या सुमारास परतणार, नेमकी विहिरी आटल्यावर. कागदावर ती नसली, तर त्यांच्या वाट्याचं पाणीही नाही.

म्हणून मी रामभाऊला फोन केला होता. रामभाऊ मुकादम, तोडणीच्या टोळ्या तोच नेतो.

"किती गेले?"

"साडेबासष्ट कोयते."

मी लिहिलं आणि कामातून सुटलो.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटाच गेला तर अर्धा कोयता. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण फॉर्म समोर आला की माझी अक्कल रजेवर जाते.

"दुप्पट करा आणि उद्या बारापर्यंत आणून द्या," साहेब म्हणाले.

दुप्पट करायला पेन काढलं आणि शंका आली. परत फोन.

"रामभाऊ, ह्यात लेकरं धरलीत का?"

"कावून धरू? लेकरं ऊस तोडत्यात का?"

"अंदाजे किती असतील?"

"भाऊसाहेब, मी मुकादम हाय, अंगणवाडीची बाई न्हाई. गाडीत बसली तेवढी बसली."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या भावाच्या लग्नात तुम्हीच पानं मोजली होती. शेवटची पंगत नुसत्या भातावर उठली." मदत एवढीच मिळाली.

सकाळी गाव गाठलं. कुलपांच्या रांगेत एकच दार उघडं होतं, गोजराबाईचं. तिची दोन्ही पोरं, सुना तोडणीवर.

"लेकरं व्हय? लिवा की," ती म्हणाली. "गाड्या निघताना एकूणएक लेकराला मीच तीट लावती. नजर लागू नी म्हणून."

मग ती घरामागून घर सांगत सुटली. कोणाचं तान्हं, कोणाचं रांगतं, कोण आजीकडंच राहिलं. माझं पेन मागं पडत होतं. मधेच थांबलो की ती वैतागायची. "लई हळू लिवता बगा तुमी. ह्याचा पगार घेता व्हय?"

यादी संपली. मी उठलो.

"बसा. सुनीताची पोरगी ऱ्हायली."

"सुनीताला तर मूलच नाही."

"आता हाय. तिकडं फडातच बाळंत झाली, पंधरा दिस झालं. परवा फोन आलता."

"नाव काय लिहू?"

"नाव गावात आल्यावर ठिवू. नाव न्हाई म्हणून तिला तहान लागायची न्हाई का?"

लिहिलं: सुनीताची मुलगी, वय पंधरा दिवस. बाराला पाच कमी असताना कागद साहेबांच्या टेबलावर होता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, पण सही केली. उन्हाळ्यात एक खेप वाढून मिळाली.

तेव्हापासून कामाला किती गेले, हे मी मुकादमाला विचारत नाही. उन्हाळ्यात पाणी किती जण पिणार, हे म्हाताऱ्यांना विचारतो.