नर आहे ना?

माझी मावशी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. तिथं सगळ्याच आयांना मावशी म्हणतात. त्यामुळे माझी सख्खी मावशी अर्ध्या शहराची मावशी झाली होती आणि लहानपणी या गोष्टीवरून मी पुष्कळ रडून घेतलं होतं. निवृत्त झाल्यावर तिनं जाहीर केलं, की आता कुणाचं हगणं-मुतणं काढायचं नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, ती आणि तिचा रेडिओ. हे व्रत आठ महिने टिकलं.

मग वरच्या मजल्यावरचे भाडेकरू घर सोडून गेले. ट्रक भरताना मावशी दारातच उभी होती. पडद्यांच्या दांड्या गेल्या, न्हाणीघरातला आरसा गेला, खोल्यांतले बल्बसुद्धा काढून नेले. संध्याकाळी वरच्या गॅलरीतून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. मालकाकडून किल्ली आणून मावशी वर गेली, तर त्यांची तपकिरी कुत्री कठड्याला बांधलेली. पुढ्यात पाण्याचं एक भांडं, तेही लवंडलेलं. मावशीनं खाली बसून तिच्या पोटावरून हात फिरवला आणि तिला कळायचं ते कळलं.

तिनं तिथूनच फोन लावला. भाडेकरणीनं सरळ आवाजात सांगितलं, "नव्या घरी पांढऱ्या फरशा आहेत हो मावशी. आणि आता तिची ही अशी अवस्था. नेईल कुणीतरी."

"बल्ब सगळे नेलेत ना?" मावशीनं विचारलं.

"हो, म्हणजे आमचेच होते ते."

"मग कुत्री कुणाची होती?"

पलीकडून फोन ठेवला गेला. मावशीनं दोरी सोडली आणि कुत्रीला एकेक पायरी करत खाली आणलं. त्या दिवसापासून तिचं नाव बाळंतीण पडलं, बाळंत व्हायच्या आधीच.

दहा दिवसांनी, रविवारी दुपारी, मावशीनं मला बोलावून घेतलं. खाटेखाली जुन्या चादरी अंथरल्या होत्या. मावशीनं नखं कापून कोपरापर्यंत हात धुतले होते. मला वाटलं, आता ती कामाला लागणार. पण ती नुसती भिंतीला टेकून बसली. "तिला येतं सगळं," ती म्हणाली. "आपण मध्ये हात घालायचा नाही. हाताशी असायचं."

पावणेदोनला पहिलं पिल्लू आलं. बाळंतिणीनं त्याची पिशवी फाडली, नाळ तोडली, चाटून चाटून ते लख्ख केलं. चार पिल्लं अशीच पार पडली. पाचवं आलं तेव्हा तिच्यात त्राण उरलं नव्हतं. तिनं मान टाकली. पिल्लू पिशवीतच पडून राहिलं, ओल्या मोज्यासारखं. आता मावशीनं हात घातला. पिशवी फाडली, करंगळीनं तोंडातला चिकटा काढला, पिल्लू टॉवेलात धरून डोकं खाली केलं आणि घासायला लागली. घासतच राहिली. माझ्याच्यानं बघवेना.

"गेलं गं ते," मी म्हटलं.

"गप्प बसायचं तर बस, नाहीतर बाहेर जा."

बऱ्याच वेळानं टॉवेलातून एक बारीक चिरका आवाज आला, दाराची बिजागरी कुरकुरावी तसा. मावशीनं त्या पिल्लाला आईच्या पोटाशी लावलं आणि मगच कपाळावरचा घाम पुसला.

एकूण सात झाली. तीन नर, चार माद्या. मावशीनं बाळंतिणीच्या कानाशी वाकून तिला सांगितलं, "चार मुली, तीन मुलगे. सगळी धडधाकट." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वॉर्डाबाहेर येऊन 'मुलगी झाली' म्हटलं ना, की पुढं एक शांतता असायची. ती शांतता मला पाठ आहे. म्हणून मी आधी बाळ हातात द्यायचे. त्याचं ऊन ऊन अंग छातीला लागलं, की मग सांगायचे."

पुढचे दोन महिने त्या दोन खोल्यांत नुसता धुमाकूळ होता. पिल्लांना वॉर्डातल्या खाटांसारखे नंबर पडले. मावशी रोज सकाळी एकेकाला भाजीच्या तागडीत घालून वजन करायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. पाच नंबर सगळ्यांत किरकोळ. तिला मागच्या, जास्त दुधाच्या आचळाशी लावायचं, तर तिथं दोन नंबरचा धटिंगण ठाण मांडून असायचा. "तुझं जेवण झालंय," मावशी त्याला बजावायची. "ऊठ. मागं माणसं उभी आहेत." तेराव्या दिवशी डोळे उघडले. चौथ्या आठवड्यात दूधभात सुरू झाला आणि पिल्लं त्यात तोंडाऐवजी पाय घालायला लागली. जंताचं औषध झालं, माझी एक चप्पल झाली, रेडिओची वायर झाली. मावशी दिवसातून दहा वेळा फरशी पुसायची आणि दहाही वेळा म्हणायची, की हे शेवटचं.

सात आठवडे झाल्यावर तिनं दारावर पाटी लावली: 'पिल्लं देणे आहे. आधी बोलणे.'

लोक आले. बोललेही. पण सगळ्यांचं बोलणं एकच.

"नर आहे ना?"

एक दुकानदार म्हणाला, मादी भुंकत नाही, राखणीला कुचकामी. तो हे सांगत असताना बाळंतीण त्याच्यावर अशी भुंकत होती, की त्याला ते वाक्य दोनदा म्हणावं लागलं. एका शिक्षकांनी सांगितलं, मादीचा व्याप फार. ऑपरेशन केलं की व्याप संपतो, असं मावशीनं सांगितलं, तर ते म्हणाले, "तरीपण." या 'तरीपण'ला काही उत्तर नसतं. वरची भाडेकरीणही फोनवर आली. सात झाल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. एक ठेवा म्हणाली, नर असेल तर. "फरशा काळ्या करून घेतल्यात का?" मावशीनं विचारलं आणि या वेळी फोन तिनं ठेवला.

पण तिच्या खरं जिव्हारी लागली ती एक साधीच बाई. ती पिल्लं बघून हरखली होती, चार नंबरला मांडीवर घेऊन बसली होती. मादी आहे म्हटल्यावर तिनं तिला अलगद खाली ठेवलं. "नको हो मावशी. घरात आधीच तीन आहेत." ती गेल्यावर मावशीनं चार नंबरला उचलून आपल्या मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "त्या तिघींतल्या दोघी माझ्या हातावर झाल्यात. त्यांच्या देखत बोलते का ही असं?"

आठवड्याभरात तिन्ही नर गेले. सात नंबरला समोरच्या शिंपीणबाई घेऊन गेल्या, कारण पहिल्याच दिवशी ती त्यांच्या पायावर झोपली होती आणि पाय हलवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. तीन मुली उरल्या.

आणि तिथं मावशीनं ती गोष्ट केली.

एका रविवारी बँकेतले एक अधिकारी बायकोला घेऊन आले. मऊ बोलणारे, नीटनेटके. घरात म्हातारी आई होती, फाटक होतं, अंगण होतं. पाच नंबर टॉवेलात गुंडाळलेली, मावशीच्या हातात होती. साहेबांनी ठरलेला प्रश्न विचारला.

"पिल्लू फार गुणी आहे," मावशी म्हणाली. "बघा, तुम्हाला ओळखल्यासारखं करतंय." आणि तिनं तो टॉवेल त्यांच्या हातात दिला. पाच नंबरनं त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकली. साहेब हसले, बायको हसली, दोघं घेऊन गेले.

"खोटं बोललीस," मी म्हटलं.

"एक शब्द खोटा नाही. पिल्लू ते पिल्लू. ते गुणी आहे, ते ओळखतंय. व्याकरण तूच शिकवतेस ना शाळेत?" पण ती माझ्याकडे बघत नव्हती. "लळा लागला की कुणी बघत नाही गं. एकतीस वर्षं बघितलंय मी."

नवव्या दिवशी तिनं चौकशीला फोन केला. साहेबांची बायको चाचरत म्हणाली, "पळालं हो ते. फाटक उघडं राहिलं परवा."

"दोन महिन्यांचं पिल्लू," फोन ठेवून मावशी मला म्हणाली. "पायरी उतरायला त्याला आपला हात लागतो. ते फाटकातून पळालं म्हणे."

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. मावशीनं टोकन घेतलं आणि बाकावर बसली. मी म्हटलं, सरळ आत जाऊ. ती म्हणाली, "रांग मोडायची नाही. आपल्याकडे बोट दाखवायला जागा ठेवायची नाही." पाऊण तासानं नंबर लागला. काउंटरवरच्या मुलीला तिनं सांगितलं, साहेबांकडे काम आहे. साहेबांचं टेबल काउंटरच्या मागंच होतं, मध्ये कमरेएवढी फळी.

"घरी बोलू ना मावशी," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"घरी तुमच्या बाई म्हणतात, पळालं. तुम्ही काय म्हणता?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं. "तुम्ही आम्हाला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "लस द्यायला नेलं तेव्हा कळलं, मादी आहे. आईला पसंत पडलं नाही."

"मग?"

"बाजाराच्या मागं सोडलं. तिथं खायला पुष्कळ असतं."

"कशातून नेलं? हातात धरून?"

"पिशवीतून."

काउंटरवरच्या मुलीचे हात थांबले होते. मावशीचा आवाज चढला नाही. वॉर्डात ओरडायचं नसतं, ती सवय अंगात होती.

"मी सांगितलं नाही, ही माझी चूक. इथं चारचौघांत कबूल करते. लळा लागेल म्हणून लपवलं, ते चुकलं. पण साहेब, ती चूक माझ्या दारात आणून आपटायची होती. तोंडावर बोलायचं होतं मला. माझं घर तुमच्यापासून चार मिनिटांवर, बाजार पंधरा मिनिटांवर. तुम्ही लांबची वाट धरलीत. आता उठा."

"कुठं?"

"कुठं सोडलं, ते दाखवायला."

"मी ड्यूटीवर आहे."

"मीही होते, एकतीस वर्षं. उठा."

आणि साहेब उठले. भीतीनं उठले की लाजेनं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाजाराच्या मागं सडक्या पाल्याचे ढीग होते, मागंपुढं होणारे ट्रक होते, हातगाड्या होत्या. त्यांनी एका विजेच्या खांबाजवळची जागा दाखवली. तिथं काहीच नव्हतं. आम्ही ढीग हलवले, गाड्यांखाली वाकून बघितलं, हमालांना विचारलं. साहेब आधी सारखे घड्याळ बघत होते, मग बघायचे थांबले. दीड तासानं एक हमाल म्हणाला, वजनकाट्यावर विचारा.

ट्रकच्या वजनकाट्याशेजारी पत्र्याची केबिन होती. आत टेबलाखाली पोत्यावर पाच नंबर होती, पुढच्या पंजाला चिंधी बांधलेली. मावशीला बघून ती उठायला गेली आणि कळवळून परत बसली. हातगाडीचं चाक गेलं होतं पायावरून.

काटेवाला दाढी वाढलेला, त्रासलेला माणूस होता. "तुमचं आहे? मग टाकलं कशाला?"

मावशी म्हणाली, "यांना विचारा."

साहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "मीच सोडलं."

काटेवाल्यानं त्यांना बुटांपासून चष्म्यापर्यंत एकदा बघितलं. "साहेब, या रस्त्यावर आम्ही रिकामी टोपलीसुद्धा ठेवत नाही," एवढंच बोलला. मग मावशीला म्हणाला, "न्यायची तर न्या, मला काय. सकाळी उकडलेलं अंडं लागतं तिला. नुसत्या दुधानं पोट बिघडतं."

"मादी आहे, माहीत आहे ना?"

"डोळे आहेत मला."

मावशी खाली बसली, चिंधी सोडून पंजा बघितला आणि परत आपल्या पद्धतीनं बांधला. पाच नंबरनं तिचा हात चाटला, पण डोकं ठेवलं काटेवाल्याच्या पायावर. मावशीनं ते बघितलं. तिला ते आवडलं नसावं, पण तिनं ते मानलं. "डॉक्टरकडे मी आत्ता नेते. तुम्ही बरोबर चला. मग ती तुमच्याकडेच राहील. मी मात्र बघायला येणार, न सांगता येणार."

साहेब घसा खाकरून म्हणाले, "माझी गाडी आहे. मी सोडतो तुम्हाला."

"तुमचं सोडणं बघितलं मी," मावशी म्हणाली आणि रिक्षाला हात केला.

पंजा जुळला, जरा वाकडा जुळला. घरी येऊन मावशीनं पाटीवर खाली एक ओळ वाढवली: 'मुली आहेत. नको असतील त्यांनी बेल वाजवू नये.' बरेच दिवस बेल वाजली नाही. मग एके दिवशी बँकेतली ती काउंटरवरची मुलगी आली आणि चार नंबरला घेऊन गेली. मावशीनं तिची तासभर उलटतपासणी घेतली, खोलीच्या खिडकीला गज आहेत का इथपर्यंत. मुलीनं सगळ्याची उत्तरं दिली. जाताना तिनं सांगितलं, साहेबांनी दुसऱ्या शाखेत बदली मागितली आहे. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. "तिथंही बाजार असेल," ती म्हणाली.

बाळंतिणीचं ऑपरेशन झालं. सहा नंबर तेवढी राहिली. ती आता पाच महिन्यांची आहे. परवा एक गृहस्थ आले. मादी चालेल म्हणाले, आमच्यात भेदभाव नाही म्हणाले. मावशीचा चेहरा जरा सैलावला, तोच त्यांनी सहा नंबरकडे बघून मान हलवली. "पण ही मोठी झाली हो आता. लहान असती तर नेली असती."

मावशीनं त्यांना पाणी दिलं, दारापर्यंत पोचवलं आणि मग स्टुलावर चढून पाटी काढली. मी विचारलं, आता काय. ती पाटी पालथी करून पाण्याच्या भांड्याखाली ठेवत होती, फरशी ओली होऊ नये म्हणून.

"काय म्हणजे?" ती म्हणाली. "आहे ती घरात. आता कुणी हात जोडून आलं तरी द्यायची नाही."