मदरबोर्डवरच्या अक्षता

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आईचा फोन आला. "कम्पुटर लागत नाय गो. काल पूजा केली, आज बटन दाबला तं जळका वास आला नि गप झाला."

"बाबा काय करतायत?" मी विचारलं.

"त्याच्याच समोर बसलेत."

दुसऱ्या कुणाकडे कॉम्प्युटर बिघडला तर आठवडाभर चालून जातं. आमच्याकडे बाबांचं बोलणंच बंद पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यात उजवा हात गेला आणि वाचाही गेली. पण जन्म कचेरीत मराठी टंकलेखक म्हणून काढलेला माणूस, डाव्या हाताच्या बोटांना अक्षरांच्या जागा पाठ होत्या. मोबाइलवर बोट थरथरून भलतंच उमटायचं, मग ते वैतागून फोन गादीवर आपटायचे. या जुन्या कीबोर्डवर मात्र ते मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि आई अक्षर अक्षर लावून वाचायची. टोकावड्याच्या आमच्या घरात दोघांचा संसार असा चालला होता, भांडणांसकट.

मी शहापूरला कॉम्प्युटरचा क्लास चालवते. "मदरबोर्ड गेला असेल, मी बदलून देते," असं फोनवर ऐटीत सांगितलं खरं, पण तसला जुना बोर्ड मिळता मिळेना. जो तो म्हणे, मॅडम, नवीन मशीनच घ्या. पण बाबांचा टायपिंगचा जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालत नाही, हे मी आधीच करून पाहिलं होतं. शेवटी कल्याणच्या एका दुरुस्तीवाल्याकडे तसाच बोर्ड सापडला. तोवर अकरा दिवस गेले.

मी घरी पोचले तेव्हा बाबा काळ्या पडद्यासमोर बसले होते, डावा हात कीबोर्डवर.

"एवढी पूजा केली तरी कसा गेला गो?" आई म्हणाली. "चष्मा मागतात का पानी, कायच कळत नाय. आता तं मागत पन नाय." हे शेवटचं मला फार लागलं.

मी कॉम्प्युटरचा डबा चटईवर आडवा करून झाकण काढलं. उंदीर असतील, नाहीतर लाईटच्या कमीजास्तीने गेला असेल, असं धरून चालले होते. आत पाहते तर बोर्डाच्या कोपऱ्यात तांदळाचे पाच-सहा दाणे चिकटलेले, कुंकवाने लाल झालेले, आणि भोवतालचा भाग जळून काळा. आई दसऱ्याला कोयत्या-विळ्यांबरोबर या डब्याचीही पूजा करते. ओल्या कुंकवातल्या अक्षता वरच्या जाळीतून आत पडल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. "आई!" मी ओरडलेच. तेवढ्यात बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांनीही दाणे पाहिले होते.

"काय गो?" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"काही नाही. चहा टाक."

मग मी कामाला लागले. जुना बोर्ड काढला, नवा बसवला, त्यावर प्रोसेसर आणि रॅम चढवली. बटणाच्या बारीक वायरी लावताना मात्र घाम फुटला. बाबा डाव्या हातात बॅटरी धरून उजेड दाखवत होते. बटण दाबलं, पंखा फिरला आणि पडदा उजळला.

बाबा पुढे सरकले. अकरा दिवसांनंतरची त्यांची पहिली ओळ उमटली : तांदळाचं तिला सांगू नको. थोडं थांबून त्यांनी पुढे लिहिलं : पूजा ती माझ्यासाठीच करते.

मी मान हलवली. आईची चाहूल लागताच त्यांनी दोन्ही ओळी खोडून टाकल्या. चहाचा एक घोट घेतला आणि टाइप केलं : साखर कमी आहे.

आईने अक्षरं लावत लावत वाचलं. "अकरा दिवस गप पीत व्हता ना तुमी? आन् आता सांगता!" असं म्हणत ती साखर आणायला आत गेली आणि बराच वेळ डोळ्यांना पदर लावून तिथेच उभी राहिली.

यंदा दसऱ्याला मी घरीच होते. आई ताट घेऊन यायच्या आधी बाबांनी कचेरीतल्या फायलीचा जुना पुठ्ठा डब्यावर ठेवला, जाळी पुरती झाकेल असा. आईने त्यावर हळदकुंकू वाहिलं, चांगल्या मूठभर अक्षता टाकल्या. मग बाबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि डब्याला नमस्कार केला.