टाच टेकवा, शेठ

आमच्या जिमचे मास्तर खांद्यावर साठ किलोचा बार घेऊन पार खाली बसायचे आणि तिथूनच, पारावर बसल्यासारखे निवांत, आमच्या चुका सांगायचे. घाम आम्हाला फुटायचा.

मला शंभर किलोचं स्क्वॉट मारायचं होतं, म्हणजे तेवढा बार खांद्यावर घेऊन पार खाली बसून उठायचं. अडचण एवढीच, की बार मानेमागे धरायला माझे हातच मागे जात नसत. कोपरं वर उडत, छाती खाली पडे, टाचा सुटत. मास्तरांनी बार काढून घेतला आणि चिकू उतरवायच्या काठीचा एक तुकडा हातात दिला. दोन्ही टोकांना धरायचा, कोपर न वाकवता डोक्यावरून पाठीमागे न्यायचा, तसाच पुढे आणायचा. आठवड्याला हात बोटभर जवळ. "बार कुठं पळून जात नाय, शेठ. आधी खांदा उघडू दे." तीन महिने मी काठी फिरवत होतो आणि शेजारी पोस्टातल्या बाई वजनं वाढवत होत्या.

'शेठ' म्हणायला कारण होतं. मास्तर जवळच्याच रानशेत गावचे. जिममध्ये येण्याआधी बारा वर्षं त्यांनी डहाणूच्या आमच्या वाडीत चिकू उतरवले. मान वर, हात वर, दिवसभर. आम्ही त्याला मजुरी समजत होतो; तो खांद्याचा व्यायाम निघाला.

एकदा मी विचारलं, "मास्तर, इतकं खोल बसायला शिकलात कुठे?"

"तुमच्याच ओट्याखाली," ते म्हणाले. "सकाळी कामाला यायचो. मोठ्या शेठचा चहा होईस्तोवर खाली उकिडवे बसायचो. खुर्चीची सवय नाय लागली, म्हणून गुडघे राहिले."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. आमच्या ओट्यावर चार खुर्च्या आहेत. त्यातली एकही त्यांच्याकडे सरकवल्याचं मला आठवेना. त्या दिवशी मी काठी बराच वेळ फिरवली. लाज वाटली की मला व्यायाम सुचतो.

मग मास्तरांना तलासरीच्या नव्या जिममध्ये काम मिळालं. तलासरी म्हणजे काही परदेश नव्हे, पण निरोप घ्यायला ते घरी आले आणि सवयीने ओट्याखालीच बसू लागले.

"मास्तर, वर या," म्हणत मी खुर्ची ओढली. माझा आवाज जरा चढलाच. ओट्यावर बसलेल्या बाबांनी पेपर खाली केला. मास्तर आले, खुर्चीच्या काठावर अंग चोरून टेकले. माझं मला काय करावं कळेना, म्हणून मी अंगणात उतरलो, त्यांच्या समोर उभा राहिलो आणि हात सरळ डोक्यावर घेऊन खाली बसलो. पार खाली. आयुष्यात पहिल्यांदा.

"हे काय चाललंय?" बाबा म्हणाले.

मास्तर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी माझे खांदे पाहिले, पाठ पाहिली, मग पाय.

"टाच उचलली रे," ते म्हणाले.

'शेठ' म्हणायला विसरले. मी टाच टेकवली.