नालीत रोवलेला धान

कुंताबाईला कोणी गरीब गाय म्हटलं असतं, तर गायच रागावली असती. मी लग्न होऊन साकोलीकडच्या या गावात आले, तेव्हा समोरच्या घरातली ही बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "पानी आनाले चाल, पन रेटारेटी शिकून घे."

गावात गोड्या पाण्याची एकच विहीर, सरकारनं बांधलेली. बहात्तरच्या दुष्काळात काम निघालं, तेव्हा कुंताबाईनं तिची माती डोक्यावर वाहिली होती. मजुरी मिळाली, विहीर झाली, बाकीच्यांच्या लेखी विषय संपला. हिच्या लेखी मात्र विहीर तिची स्वतःची होती.

पुढे ऐंशीच्या सुमारास विहिरीच्या वरच्या अंगाला भैय्याजींची राईस मिल उभी राहिली. तिथे धान भिजवून, उकडून मग त्याचा तांदूळ काढत. भिजवणीचं आंबलेलं पाणी नालीनं खाली येई आणि पावसाळ्यात नाली भरली की सरळ विहिरीत उतरे. भट्टीत कोंडा जळे, त्याची काजळी वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसे. तोंडाजवळ नेलेला पाण्याचा गडवा वासानं परत खाली यायचा. लेकरं हगवणीनं आडवी झाली. आणि गाव? गाव गप्प. अर्धं गाव मिलमध्ये कामाला, कुंताबाईचा नवरा तेजराम तर भट्टीवरच. शिवाय दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरे, तिला भैय्याजी सढळ हातानं देणार. त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

कुंताबाई मिलच्या दारात गेली. "भैय्याजी, तुमचं पानी आमच्या इहिरीत काहून येऊन राहिलं?"

"पाणी उताराकडंच जाते ना, कुंताबाई," भैय्याजी हसून म्हणाले. "सरकारची विहीर आहे, सरकारले सांगा."

तिनं सरकारलाही सांगितलं. एक साहेब आले, विहिरीवर नाकाला रुमाल लावला, मिलमध्ये चहा प्यायले आणि "वर कळवतो" म्हणून गेले. वर कुठे, ते देवाला ठाऊक.

रोवणीचे दिवस होते. आम्हा रोवणाऱ्या बायांची कुंताबाई म्होरकी. एका सकाळी शेताकडे जाता जाता ती नालीपाशीच थांबली. "आज अठीच रोवाचं."

"नालीत?" मी विचारलं.

"धुरा बांधता येते ना तुले? मंग बांध."

शेताला बांध घालतो तसा चिखलाचा धुरा आम्ही नालीला आडवा घातला. त्याच्या खाली, विहिरीच्या बाजूला, चिखल तुडवून धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, दाट रोवले. दुपारपर्यंत मिलचं पाणी उलटं फिरलं आणि भट्टीच्या दाराशी जाऊन उभं राहिलं.

भैय्याजी मजूर घेऊन धावत आले. "फोडा धुरा!"

कोणी हललं नाही. आमच्याकडे नुकत्या रोवलेल्या धानात कोणी पाय घालत नाही, आणि वरच्या अंगाला पाणी तुंबलेलं, म्हणून धुरा फोडायचा तर पऱ्ह्यांत उतरावं लागत होतं. फुटलेलं पाणी सगळा धान मुळासकट घेऊन गेलं असतं. भैय्याजींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या धानाचा व्यापार, पण चिखलात पाय कोणाचा नाही. मजूर का अडले, हे त्यांना उमगेचना.

ते तेजरामकडे वळले. "तू फोड. नाही त भट्टीवर पाय ठेवू नोको."

तेजराम फावडा घेऊन नालीत उतरला. दोन लेकरांचं घर त्या भट्टीवर चालत होतं.

कुंताबाई काठावरून म्हणाली, "फोडा. पन पयले पऱ्हे उपटा. तुमच्या हातानं."

तेजराम वाकला. उतरताना त्याच्याच पायानं दोन रोपं आडवी पडली होती. त्यानं फावडा खाली ठेवला, ती रोपं सरळ केली आणि अंगठ्यानं चिखलात दाबून पक्की बसवली. मग वर येऊन बायकोशेजारी उभा राहिला.

त्याची नोकरी गेली ती गेलीच. त्या वर्षी दोघंही लोकांच्या शेतात राबली. पण पाणी भट्टीत शिरलं, धूर बंद पडला, आणि भैय्याजींना आपल्याच जागेत खड्डे खणून ते पाणी जिरवावं लागलं. आम्ही विहीर उपसून साफ केली.

काही वर्षांनी त्याच विहिरीवर सरकारनं टाकी बांधली, घरोघरी नळ आले. उद्घाटनाला भैय्याजींच्या गळ्यात हार पडला. त्यांनी गावच्या पाण्यासाठी मोठं सहकार्य केलं, असं पाहुणे म्हणाले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. आमच्या लोकांची कमालच आहे!

कुंताबाई बायांमधून उठली. "भैय्याजी, नालीतला धुरा अजून आहे बरं का," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "दर साली पयली रोवनी आमी तठीच करतो."