देवनहळ्ळीच्या स्लॅबवर समुद्र

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. त्या वेळी माझी अक्कल कुठं चरायला गेली होती, ते मलाच अजून सापडलेलं नाही!

देवनहळ्ळीला आमच्या घराचा स्लॅब टाकून झाला होता. नव्या स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून पाणी भरून ठेवतात ना, तसं ठेवलेलं. आदल्या संध्याकाळी शेजारच्या गंगाक्का वर येऊन गेल्या.

"अय्यो, किती छान झालं गं! आमचं स्वल्प लहानच राहिलं बघ."

झालं! सहा महिन्यांचं माझं लेकरू ह्या छताखाली निजणार, आणि ह्यालाच दृष्ट?

उजाडताच खडेमिठाची अख्खी पिशवी घेऊन वर गेले. प्रत्येक बांधात मूठ मूठ टाकलं! "आल्यागेल्याची, वाटसराची..." तोंडानं चालूच.

दुपारी ह्यांचे मामेभाऊ आले, कारवारचे. इंजिनिअर आहेत, समुद्रात धक्के बांधतात. कडेला वाळलेला पांढरा थर बघून त्यांनी बोट लावलं, चाटलं आणि ओरडलेच.

"वहिनी, पाणी कुठलं हे?"

"बोअरचं."

"बोअर काय समुद्रात मारलीय?"

हे धावत जाऊन बोअरवाल्या शिवण्णाला घेऊनच आले; बांधकामाला पाणी त्याचंच. इथलाच जुना मराठी माणूस. "शिवण्णा, खारं पाणी देऊन घर बुडवलंस माझं!"

"काय बोलता सार!" त्यानं नळालाच तोंड लावलं. "गूळ घातल्यागत गोड आहे. प्या तुम्ही!"

हे प्याले. भाऊजी प्याले. मग तिघं माझ्याकडे बघायला लागले. मीही प्याले! दुसरं काय करणार?

"ते... मी जरा मीठ टाकलंय. दृष्टीचं."

भाऊजी मटकन खालीच बसले. "अहो, मीठ आत मुरलं की सळ्या गंजतात, फुगतात, काँक्रीट फोडून टाकतात! समुद्रात ते सळ्यांपर्यंत पोचू नये म्हणून आम्ही काँक्रीट घट्ट करतो, सळ्यांवर जाड थर ठेवतो, लेप लावतो. आणि तुम्ही हातानं पाजताय?"

मी लेकराला छातीशी घट्ट धरलं. "पाडावा लागेल का हो?"

"अजून फार आत गेलं नसेल. आधी हे पाणी सोडा. गोड्या पाण्यानं धुवा, परत परत धुवा. मग तपासून बघू."

अंधार पडेपर्यंत आम्ही धूत होतो. पुढं तपासणीत स्लॅब बरा निघाला, तेव्हा कुठं मी पोटभर जेवले.

पण त्या दिवशी पाइप गुंडाळताना शिवण्णानं मला हात जोडले. "अक्का, एक उपकार करा. माझ्या बोअरची दृष्ट तेवढी काढू नका!"

तर बायांनो, ओळखीत कुणाचा स्लॅब पडत असेल तर एवढा निरोप पोचवा: लोकांची नजर परवडली, पण मीठ नको!