घासून नेलेली जीभ

कारखान्याच्या कँटीनमध्ये माझ्या आत्याला सगळे ‘जीभ’च म्हणायचे. तीनशे माणसांच्या भाजीचं मीठ ती तळहातावर थेंबभर रस घेऊन ठरवायची. तिने मान हलवल्याशिवाय पातेलं माझ्या वाढपाच्या खिडकीवर येत नसे. तोरा तर असा की विचारू नका!

आणि तिचीच चव गेली. जिभेवर पांढरं आलं, सगळं खडूसारखं लागायला लागलं. दोनदा भाजी खारट झाली. मॅनेजर म्हणाला, “महिन्याभरात बऱ्या व्हा, नाहीतर पातेल्यावर दुसरी बाई बघतो.”

मी तिला घेऊन दवाखाने पालथे घातले. पहिला डॉक्टर म्हणाला, “नकाशा जीभ म्हणतात हिला, असे लाल चट्टे पडतात, काही होत नाही.” दुसऱ्याने जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्याने तर हे मनाचे खेळ आहेत म्हणून सांगितलं. मला कॅन्सरची धास्ती, पण तो शब्द तोंडातून निघेना.

चौथ्या दवाखान्यात जायला निघताना घरी नळाला पाणी नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बोळ्याने जीभ पुसली, तर पांढरं सायीसारखं सुटून आलं, खाली लालभडक.

“पुसून निघतंय, म्हणजे बुरशी. बाकीच्यांना दिसलं कसं नाही?”

“दिसेल कसं?” आत्या म्हणाली. “दर वेळी घासून जायचे ना! डॉक्टरपुढे काय घाणेरडी जीभ काढायची?”

मी कपाळावर हात मारला. पांढरं सगळं घरीच खरवडून काढायची, डॉक्टरांना दिसायचे ते नुसते लाल चट्टे!

“दम्याचा पंप घेता? त्यानंतर चूळ भरता?”

आत्या खाली बघायला लागली. पंपाचं मलासुद्धा माहीत नव्हतं. धाप लागते हे कळलं तर चुलीवरून हटवतील, म्हणून ती कोठीत लपून घाईघाईने दोन झुरके घ्यायची आणि तशीच पातेल्यापाशी परतायची. चूळ भरायची असते, नाहीतर औषध तोंडात राहून बुरशी धरते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

औषधाने पंधरा दिवसांत चव परत आली. पण महिना कधीच उलटला होता. पातेल्यावर नवी बाई आली होती आणि आत्याला कांदे चिरायला बसवलं होतं. मी मॅनेजरच्या हातापाया पडले, तो म्हणाला, “आता झालं ते झालं.”

काल आत्या कांदे सोडून उठली, तळहातावर रस घेतला. “मीठ कमी आहे गं.”

नवी बाई हसली, अगदी मायेने. “राहू द्या आत्या, तुम्हाला कुठे कळतंय आता.”

भाजी तशीच खिडकीवर आली. मी चाखून पाहिली. मीठ कमी होतं. रांग लागली होती, मी वाढत राहिले.