पाडव्याचा गोल

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "सुमन, झोपेतच गेले गं..." रडू आलंच, थोरला भाऊ ना माझा. पण खरं सांगू का, रडायच्या आधी मोकळं वाटलं. दिवाळीच्या आधी गेले असते, तर मला जन्मभर लागून राहिलं असतं.

माझं माहेर सोलापुरात पेठेत, सासर स्टेशनजवळ. चालत वीस मिनिटं. पण फुटबॉलच्या दिवसांत ते दोन मुलूखच की! अण्णा पेठेच्या क्लबचे गोलकीपर, आमचे हे स्टेशनच्या क्लबचे फॉरवर्ड. जो जिंकेल त्याची हलगी हरलेल्याच्या गल्लीतून वाजत जायची, आणि पुढं वर्षभर मिलच्या गेटावर टोमणे. बाहत्तरच्या दुष्काळानंतरची दिवाळी, माझा पहिला दिवाळसण, आणि पाडव्यालाच मॅच. शेवटी शेवटी पेठेच्या गोलपुढं नुसती झोंबाझोंबी झाली. रेघ चुन्याची, ती पुसलेली. यांनी कसा कोण जाणे बॉल आत घातला आणि रेफ्रीनं गोल दिला. अण्णा ओरडत राहिले, "हात लावला! दाजीनं हात लावला!" संध्याकाळी हलगी आमच्याच माहेरच्या दारात थांबली, पोरं ओरडली, "पेठवाले, दार उघडा, पाहुणे आले!"

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी पाट मांडला, तर अण्णा उभेच. "तुझ्या नवऱ्याला आदी हात लावल्याचं कबूल करू दे. मग बसतो." हे म्हणाले, "लावलाच न्हाय, तर कबूल काय करू?" झालं! लग्नकार्यात अण्णा यायचे, माझ्याशी बोलायचे, पोरांना खाऊ द्यायचे. पण यांच्याशी शब्द नाही आणि पाटावर बसणं नाही. भाऊ जिवंत असून मी दर भाऊबिजेला चंद्राला ओवाळत आले...

यंदा अण्णा अंथरुणाला खिळले. भाऊबिजेला सकाळी मी यांना म्हणाले, "तुमचा गोल तुम्हाला लखलाभ. मला माझा भाऊ द्या." यांनी चपला घातल्या.

अण्णांच्या खाटेपाशी उभं राहून म्हणाले, "अण्णा, हात लागलाता. लागला न्हवता, मीच लावलाता."

अण्णा मग म्हणाले, "दाजी, त्याच्या आदीच बॉल आत गेलता. मी भाईर ओढला, मग तुमी हात लावला."

"मग एवढी वर्षं...?" यांनी विचारलं.

"पेठेत तोंड दाखवायचं होतं की मला!"

मला हसावं का दोघांना झोडपावं कळेना. वहिनीनं उशा लावून बसवलं, मी ओवाळलं. अण्णांनी ताटात दहाची नोट टाकली, तर हे म्हणाले, "एवढ्या वर्षांची एकच?" अण्णा खोकला येईपर्यंत हसले.

मागच्या रविवारी पुन्हा पेठ आणि स्टेशनची मॅच होती. म्हातारपणी अण्णा पेठेच्या गोलमागं एका दगडावर बसून मॅच बघायचे. हे सरळ तिकडं गेले आणि त्या दगडाच्या अर्ध्या भागावर बसले. पलीकडून यांचे जुने सोबती ओरडले, "अरे, वाट चुकला का? आपली माणसं हिकडं हायत!"

हे उठले नाहीत. म्हणाले, "बसू द्या. अण्णांची जागा दुसरंच कुणीतरी घेईल नायतर."